छातीचा मार आणि सरोजाक्का

आमच्या संघटनेच्या पत्रकांत सरकारी डॉक्टर यायचा तो फक्त धिक्कारासाठी. तो जागेवर नसतो, असला तर हात लावत नाही, आणि लावायची वेळ आलीच तर आधी वस्ती कुठली ते विचारतो. यात खोटं काही नव्हतं. मी स्वतः लिहायचो आणि डोळ्यांनी बघून लिहायचो. त्यामुळे हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सरोजाक्कांवर पत्रक काढायची वेळ आली तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. मजकूर तयार होता, नाव तेवढं घालायचं होतं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. पुणे-हैदराबाद रस्ता आमच्या गावातून जातो. रस्त्याला लॉऱ्या, लॉऱ्यांसाठी ढाबे, आणि ढाब्यांच्या पुढं आपटलेल्या लॉऱ्या. सरोजाक्कांना सरकारनं खरं तर बाळंतिणींसाठी नेमलं होतं. पण रस्त्यानं पाठवलेला पेशंट बाळंतीण नाही म्हणून परत करता येत नव्हता. तक्रार अशी होती की अंगावर ओरखडासुद्धा नसलेले ड्रायव्हर एक एक दिवस खाटेवर लोळत असतात, आणि तापानं फणफणलेली आमची माणसं व्हरांड्यात फरशीवर. मी लिहिलं, हा दवाखाना आहे का लॉरीवाल्यांची धर्मशाळा? ओळ मला फार आवडली होती.

पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी निरोप धाडला. मी भांडायच्या तयारीनं गेलो. बुटकी बाई, जाड भिंगाचा चष्मा, इरकली लुगड्यावर पांढरा कोट, पायात रबरी चपला. एका हातात ज्वारीची कडक भाकरी, तीवर शेंगाची चटणी, आणि ती खात खातच वॉर्डातून फिरणं चाललेलं. बसून जेवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. माझं पत्रक त्यांच्या कोटाच्या खिशात होतं. ते काढून त्यांनी उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर कुणाकुणाच्या नाडीचे आकडे लिहिलेले होते.

"लीडर तूच व्हय?" त्या म्हणाल्या. "एकाच बाजूनं छापलास ते बरं केलास. कागदाची लई टंचाई हाय."

मग मला एका ड्रायव्हरच्या खाटेपाशी उभं केलं आणि त्याचा सदरा वर केला. छातीवर चंद्रकोरीसारखा निळसर वळ. त्याच्यापेक्षा माझ्या गुडघ्याला जास्त खरचटलेलं असायचं. अक्का म्हणाल्या, गाडी थांबली तरी आतला माणूस थांबत नाही, तो तसाच पुढं जातो आणि छाती स्टेअरिंगवर येते. तरण्या माणसाचं हाड लवचिक, ते मोडतसुद्धा नाही. पण आतलं काळीज पुढचं हाड आणि मागचा मणका यांच्यात चेमटतं. ते नुसतं खरचटलं असेल तर आपोआप बरं होतं. जास्त दुखावलं असेल तर ठोका चुकायला लागतो, नाही तर भोवतीच्या पिशवीत रक्त साठत जातं. आणि हे सगळं बाहेरून दिसत नाही. माणूस चहा पितो, बिडी मागतो, आणि संध्याकाळी जातो.

"मग आमची माणसं फरशीवर कामून?" मी विचारलं.

"खाटा न्हाईत म्हणून. ते लिही की. ते लिहिलास न्हाई तू."

मी दुसरं पत्रक काढून तेही लिहिलं. पण पहिलं पत्रक मागं घेतलं नाही. माफी मागायची आमची पद्धत नव्हती, आणि ती मिळावी अशी अक्कांची अपेक्षाही दिसली नाही.

बोलताना त्या माणसाच्या तोंडाकडं बघत नसत, मानेकडं बघत. बघत म्हणजे टक लावून. वॉर्डात नव्यानं आलेल्या बायका मंगळसूत्र पदराखाली झाकून घ्यायच्या. एकदा तपासणीला आलेले साहेब त्यांच्या नजरेनं इतके अस्वस्थ झाले की कॉलर चाचपत बाहेर पडले. अक्कांच्या मते गळ्याच्या बाजूची शीर माणसापेक्षा खरं बोलते. बसलेल्या माणसाची ती शीर फुगलेली दिसली तर आत काळजाला जागा पुरत नाही असं समजायचं.

त्यांची जात आम्ही पहिल्याच आठवड्यात काढली होती. भालकीकडच्या जमीनदार घरातल्या. आमच्या बौद्ध वस्तीत हे कळल्यावर म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. अक्कांच्या कानावर हे गेलंच. त्या एवढंच म्हणाल्या की घरची जमीन भावांनी वाटून घेतली, मला मशीन मिळालं.

मशीन म्हणजे ईसीजीचं. जुनं, लाकडी पेटीतलं. कुठल्या तरी मोठ्या दवाखान्यानं टाकून दिलेलं, अक्कांनी मागून आणलेलं. त्याचा कागद काढायचा म्हणजे सोहळा. आधी पंखा बंद, मग ट्यूबलाइट बंद, कारण विजेची थरथर कागदावर उतरते आणि रेघ केसाळ होते. मग अक्का खिडकीतून ओरडायच्या, "नागप्पा, पाणी घाल." नागप्पा हा वॉर्डातला शिपाई. तो घागर घेऊन भिंतीपलीकडच्या खड्ड्यात पाणी ओतायचा. त्या खड्ड्यात मशीनची अर्थिंगची तार पुरलेली होती. माती ओली झाली की रेघ स्वच्छ यायची. लोकांनी याचा अर्थ आपल्या परीनं लावला. काही दिवसांत खड्ड्याभोवती कुंकू दिसायला लागलं, मग फुलं, एकदा नारळ. मी संतापलो, अंधश्रद्धेवर बोलायला उठलो. अक्कांनी मला आवरलं. कुंकू पडल्यापासून तिथं कुणी लघवीला बसत नाही, राहू दे, म्हणाल्या.

ड्रायव्हर खाटेवर टिकायचे नाहीत, म्हणून अक्का त्यांची किल्ली काढून घ्यायच्या आणि पदराच्या टोकाला बांधायच्या. दुसऱ्या दिवशी काढलेला कागदही चांगला आला की गाठ सुटायची. यावरून रोज तंटा. एकदा आंध्राकडचा एक ड्रायव्हर आला. लॉरीत लिंबं भरलेली. मोठा माणूस, रडकुंडीला आला होता.

"अम्मा, माल सड जाता."

"और तू सड्या तो?" अक्का दखनीत म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

त्याला काहीही झालं नाही. दुसरा कागद साफ निघाला, किल्ली मिळाली, तो शिव्या देत गेला. जाताना मात्र टोपलीभर लिंबं वॉर्डात ठेवून गेला. नागप्पा पोट धरून हसला, अक्कांनी पुन्हा एक धडधाकट माणूस धरून ठेवला म्हणून. मीही विचारलं, यातून मिळालं काय? अक्का लिंबू चिरत होत्या.

"काय झालं न्हाई, हेच बघायला ठेवलं होतं."

मला तेव्हा हे पटलं नव्हतं. आमच्या कामात काहीतरी झालं पाहिजे असायचं.

आमच्या भागात छातीला मार लागला की एक ठरलेला उपचार असतो. छाती धोतराच्या पटक्यानं करकचून बांधायची, गरम विटेनं शेकायचं आणि वाट बघायची. माणसाला घाम फुटला की घरात सुटकेचा श्वास. मार उतरला, म्हणतात. शेजारी सांगत येतात. अक्कांचा सगळ्यात मोठा वैरी रस्ता नव्हता, हा घाम होता. घाम आला म्हणून किती जणांना अर्ध्या वाटेवरून घरी परत नेलं असेल, हे आठवून त्या स्वतःशीच बडबडायच्या.

माणिक आमच्या वस्तीतला. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हमाल. लॉरीतून फळ्यांवरून तेलाचं पिंप उतरवताना दोर सुटला. पिंप घसरत आलं आणि त्यानं माणिकला भिंतीशी दाबलं. चौघांनी ते ढकललं. रक्ताचा थेंब नाही. सुपरवायझरनं पाणी पाजलं आणि घरी जाऊन आराम कर म्हणाला. रजिस्टरला अपघात म्हणून नोंद नाही, कारण लागलेलं दिसतच नव्हतं. आम्हाला कळलं तोवर दिवस कलला होता. माणिकच्या बायकोनं, सुमननं, छाती बांधली होती आणि वीट तापत होती. आम्ही त्याला बैलगाडीत घालून अक्कांकडं नेलं. अक्कांनी काही न विचारता कात्री मागवली आणि पटका उभा चिरला.

पंखा बंद झाला, दिवा बंद झाला, नागप्पानं पाणी घातलं. कागद साफ आला.

तरी अक्का म्हणाल्या, हा इथंच राहील.

सकाळी आमचा मोर्चा ठरला होता. माणिकला खाटेसकट उचलायचं, सगळ्यांच्या पुढं धरायचं आणि कारखान्याच्या फाटकापाशी ठेवायचं. लोकांना दिसलं पाहिजे. आम्ही खाट उचलायला गेलो तर तिथं कारखान्याचे डॉक्टर आधीच हजर. बिदरहून मोटारीनं आलेले, इस्त्रीचे कपडे. त्यांना माणिकला डिस्चार्ज द्यायचा होता. तो चालत बाहेर पडला की काही झालं नव्हतं हे सिद्ध होणार होतं. आम्हाला तो झोपलेला बाहेर न्यायचा होता, म्हणजे झालं होतं हे सिद्ध होणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा कंपनी आणि संघटना एका मागणीवर एकत्र आल्या: माणिकला इथून हलवा.

मध्ये अक्का, हातात भाकरी.

"मॅडम, ईसीजी नॉर्मल आहे," कारखान्याचे डॉक्टर म्हणाले. "हाड शाबूत आहे. किती दिवस धरून ठेवणार?"

"कागद कालचा हाय, माणूस आजचा हाय," अक्का म्हणाल्या. "ताप न्हाई, रगत गेलं न्हाई. निजल्या जागी नाडी अशी पळायलीय कामून, ते तुमी सांगा. लगेच सोडते."

मग मी सुरू झालो. अक्का, हा लोकांना दिसला नाही तर कंपनी म्हणेल काही घडलंच नाही, आणि उद्या दुसरा दबेल. हे मी आजही म्हणेन. अक्कांनी ऐकून घेतलं.

"तुला मोर्चाला माणूस पायजे का मढं?"

"अक्का, तुमी कंपनीची बाजू घेयलाव."

"घेते. तू भांड त्यांच्याशी, जीव जाईस्तवर भांड. त्याच्या छातीवर बसून भांडू नको."

गंमत म्हणजे माणिकलाच जायचं होतं. पोरं जमलीत अक्का, फाटकापर्यंत चालतो, म्हणत होता. अक्कांनी त्याच्या खाटेला स्टूल लावलं आणि त्यावर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मोर्चा त्याच्याशिवाय निघाला. मी गेलो नाही. अक्का माणिकला मागल्या दारानं कंपनीच्या हवाली करतील असा मला संशय होता, म्हणून मी व्हरांड्यात ठाण मांडलं. कारखान्याचे डॉक्टरही थांबले, बहुधा आम्ही त्याला पुढच्या दारानं पळवू म्हणून.

दुपार चढली. लांबून घोषणा ऐकू येत होत्या. आणि आतून सुमनचा आवाज आला, हसरा. "अक्का, घाम फुटला बघा. मार उतरला."

खरंच फुटला होता. कपाळ, गळा, छाती डबडबलेली. माणिकचा चेहराही शांत वाटत होता. अक्कांनी हाताची उलटी बाजू त्याच्या कपाळाला लावली आणि सुमनचा हात धरून तिथंच टेकवला.

"गार हाय का न्हाई?"

सुमनचं हसू गेलं. शेकून आलेला घाम गरम असतो. हा विहिरीच्या पाण्यासारखा होता.

त्यानंतर अक्का बोलल्या त्या तुटक. उशी वर. पट्टा बांध. पाणी घाल. माणिक अर्धवट बसता केला तरी मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरीसारख्या उभ्या. रक्तदाब खाली. तो श्वास आत घेई तेव्हा मनगटातली नाडी बारीक होऊन हरवे, सोडला की परत येई. नवा कागद आला. रेघ साफच होती, पण कालच्या उंच रेघा आज खुज्या झालेल्या. अक्कांनी छातीला नळी लावली, ऐकलं, आणि नळी कारखान्याच्या डॉक्टरांच्या हातात दिली.

"लांबून येयलंय," त्या म्हणाल्या. "ऐका तुमी."

त्यांनी ऐकलं. मग बाह्या वर केल्या.

काळजाभोवतीच्या पिशवीत रक्त साठत होतं आणि आतलं काळीज दबत होतं. ही एवढी गोष्ट ठरवायला अक्कांनी कालपासून खाट अडवून ठेवली होती. लांब सुई छातीच्या मधल्या हाडाच्या खालून, डाव्या खांद्याच्या रोखानं आत गेली. पिचकारीत काळपट रक्त आलं. अक्कांनी ते वाटीत सोडलं आणि सुमनला सांगितलं, हे गोठतंय का बघत बस. मला ते निर्दय वाटलं. नंतर कळलं, ते गोठलं असतं तर सुई काळजातच शिरली असं समजायचं होतं, आणि अक्कांचे हात मोकळे नव्हते. सुमन वाटीवर वाकून बसली. ते गोठलं नाही. माणिकनं डोळे उघडले आणि मोर्चाचं काय झालं विचारलं.

दवाखान्याची गाडी बंद पडलेली. कारखान्याच्या डॉक्टरांच्या मोटारीत मागच्या सीटवर माणिक, त्याच्या डोक्याशी अक्का, पुढं सलाइनची बाटली धरून स्वतः ते डॉक्टर. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात त्याची छाती उघडून शिवली. आमच्या रेट्यामुळं रजिस्टरला नोंदही झाली. म्हणून म्हणतो, मोर्चा काढायलाच हवा होता. अक्कांनी मोर्चाबद्दल चांगला शब्द कधी काढला नाही, आणि मी मोर्चा काढणं सोडलं नाही. यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही.

काही महिन्यांनी त्यांची बदली झाली. कारण दिलेलं नव्हतं. बाळंतिणींच्या दवाखान्यात लॉरीवाल्यांना खाटा देतात, अशी वर तक्रार गेल्याचं बोललं जात होतं. आमचं जुनं पत्रक त्या तक्रारीला कुणी जोडलं का, मला ठाऊक नाही. जोडलं असेल तर जोडणाऱ्यानं दुसरं पत्रक मुद्दाम वगळलं. आम्ही ठरवलं, बस अडवायची. अक्का निघाल्या त्या दिवशी अख्खी वस्ती स्टँडवर. ढाब्यावरचे लोक आले, ड्रायव्हर आले, तेही घोषणा द्यायला लागले. बसच्या पुढं आम्ही आडवे. कंडक्टर हात जोडतोय. अक्का खिडकीत बसलेल्या, वैतागलेल्या.

"लीडर, ऊठ. बस कामून अडवलास? आत म्हातारी माणसं हायती."

मी उठलो नाही. भाषण सुरू केलं. तेवढ्यात माणिक हार घेऊन पुढं आला. कामावर परत लागला होता, हलक्या कामावर. खिडकी उंच, म्हणून त्यानं हात वर केला. अक्कांनी हार घ्यायच्या ऐवजी त्याचं वर गेलेलं मनगट धरलं. हार खाली पडला. त्या मनगट सोडेनात. खाली घेऊ देईनात. वर धरलेल्या हातात नाडी बोटांवर आपटत होती, हे मला नंतर कळलं.

"दम लागतो का रे?"

"थोडा. जिना चढलं की."

"कधीपासून? आला कामून न्हाईस?"

अक्का बसमधून उतरल्या. त्याला स्टँडच्या बाकावर बसवलं. पुढं वाक. श्वास सोड. आता घेऊ नको. छातीच्या डाव्या बाजूला नळी लावली आणि दुसरा हात वर केला. घोषणा थांबल्या. बसचं इंजिन धडधडत होतं. त्यांनी ड्रायव्हरकडं नुसतं बघितलं. त्यानं चावी फिरवली. एवढ्या मोठ्या स्टँडवर शेंगा विकणारासुद्धा गप्प झाला. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.

"झडप गळायलीय," त्या म्हणाल्या. "काळजातली. त्या दिवशीच चिरली असंल, आता फाटत चाललीय." मग माझ्याकडं वळल्या. "ही बस हैदराबादला जाती ना? मग माणसं उठव."

त्यांची बदली हैदराबादला नव्हती. त्यांना वाटेत उतरायचं होतं.

मी माणसं उठवली. एवढ्या तयारीनं अडवलेली बस मीच मोकळी केली. बदली रद्द झाली नाही, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. माणिकची झडप बदलली, तो आहे. सुमन त्याला पिशवीसुद्धा उचलू देत नाही आणि तो तिच्याशी रोज भांडतो.

पण अक्कांना मी त्यानंतर पाहिलं नाही. शेवटचं पाहिलं ते बस वळण घेताना. त्यांच्या खिडकीच्या जागी माणिक बसलेला, भेदरलेला. शेजारी सुमन. आणि अक्का मधल्या वाटेत, वरच्या दांडीला लोंबकळत उभ्या. कंडक्टर त्यांच्याकडं हैदराबादपर्यंतचं तिकीट मागत होता, आणि त्या त्याला बाजूला सारत पुढं वाकून ड्रायव्हरला काहीतरी सांगत होत्या. बहुतेक, खड्डे चुकव म्हणून.